कार्ड काढलं की मिलिंद

८ जानेवारी २०२४, सोमवार

सूनबाईने, यशोधराने, आज मिलिंदचा लॅपटॉप कपाटावरून खाली काढला. ऑगस्टपासून तो पिशवीत होता, पिशवी चादरींच्या खाली होती, आणि तिथं तो सुरक्षित आहे असं मला वाटत होतं. तिने धूळ पुसली, चार्जर लावला. मी म्हटलं, इतके महिने बंद आहे, बॅटरी फुगली असेल, आधी कोणाला तरी दाखव. ती म्हणाली, काही होत नाही मामा. मी तरी गॅलरीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

चालू झाला. पडद्यावर एका गोलात मिलिंदचा फोटो आला. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, हसतोय. खाली त्याचं नाव. मला इंग्रजी कंपनीतल्या पाट्यांपुरतं येतं, पण ते नाव मी कुठेही वाचीन. नावाखाली एक रिकामी पट्टी, पट्टीत एक बारीक रेघ लुकलुकत होती. मी विचारलं, हे काय? यशोधरा म्हणाली, पासवर्ड मागतोय. असं म्हणून तिने झाकण लावलं.

चांगुणा पिठाच्या हातांनीच बघायला आली होती आणि तशीच परत ओट्याकडे गेली. पोटचा मुलगा तापाने चार दिवसांत गेला, पण ही बाई ऑगस्टपासून त्याचं नाव घेत नाही. तिचं मन कशाचं आहे मला कळत नाही.

यशोधराला काम मिळतंय. एका दवाखान्याची बिलं घरी बसून कॉम्प्युटरवर भरायची. आधी शिकवणार, मग परीक्षा घेणार, पास झाली तर पक्कं. त्यासाठी लॅपटॉप पाहिजे. घरात तोच एक.

११ जानेवारी

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन आलो. यशोधरा एकटी जाते म्हणत होती, पण वस्तू मिलिंदची, मी कसा सोडणार? पिशवी पूर्ण रस्ता मांडीवर धरून बसलो.

टेकचंद शेठचं दुकान बाजारात आत गल्लीत आहे. पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आता लॅपटॉप करतो. माणूस बोलका आहे. चालू करून बघितलं आणि म्हणाला, पासवर्ड बोलो भाभी. यशोधरा रस्त्याकडे बघत म्हणाली, नाही माहीत.

तो म्हणाला, मग साफ करावं लागेल, आतलं सगळं पुसून कोरं करून देतो, एकदम नया.

मी स्टुलावर बसलो. म्हणजे तो फोटो, ते नाव, सगळं जाणार. पण नको म्हणता येईना, कारण काम यशोधराचं आहे आणि ती कोणासाठी करणार तेही मला दिसतं. माझ्या पेन्शनीत आम्हा दोघांच्या गोळ्याच निघतात.

यशोधरानेच विचारलं, आतलं न पुसता चालवता येईल का?

शेठने लॅपटॉपच्या कडेची खाच बघितली. मग ड्रॉवरमधून पोस्टाच्या तिकिटाएवढं एक कार्ड काढलं. फोटोच्या कॅमेऱ्यात घालतात तसलं. म्हणाला, लॅपटॉपला उठायला जे लागतं ते सगळं ह्याच्यात टाकतो. कार्ड बाजूच्या खाचेत घातलं की मशीन कार्डावरून उठेल, तुमचं काम पण कार्डावरच राहील. आतल्या डिस्कला हात पण लागणार नाही. थोडा स्लो चलेगा, इतना ही.

मी विचारलं, आणि कार्ड काढलं तर?

“तो पुराना वाला उठेगा, साईं. पासवर्ड माँगेगा.”

मी त्याला हे तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, काका, तुम्ही पण दुकान टाका बाजूला. यशोधरा हसली. बऱ्याच दिवसांनी.

१२ जानेवारी

झोप नीट नाही. एवढ्याशा कार्डावर आख्खं मशीन उभं राहतं, हे बरं नाही. हरवलं तर? उंदराने नेलं तर? चांगुणाला म्हटलं तर ती म्हणाली, उंदीर त्याचं काय करणार, बिलं भरणार?

१५ जानेवारी, सोमवार

आता मला ते समजलं. कार्ड म्हणजे फ्यूज.

अंबरनाथला कंपनीत मी वायरमनच्या हाताखाली होतो. आमचा नियम असा, की मशीनला हात लावायचा तर आधी मेन बंद, मग फ्यूज उपसून आपल्या खिशात. फ्यूज ज्याच्या खिशात, मशीन त्याच्या ताब्यात. तो खिशातून काढून परत बसवत नाही तोपर्यंत साहेब आला तरी मशीन चालू करू शकत नाही. सगळी नोकरी मी असा खिसा जड घेऊन फिरलो. चांगुणा धुवायच्या शर्टातून फ्यूज काढून माझ्यावर ओरडायची.

दुपारी जेवण झालं, यशोधराने लॅपटॉप बंद केला आणि आत जाऊन पडली. चांगुणाही लवंडली होती. मी कार्ड हळूच दाबलं, ते टक् करून बाहेर आलं. खिशात ठेवलं. बटण दाबलं.

मिलिंद आला.

मी कशाला हात लावला नाही. नुसता समोर बसलो. ती रेघ लुकलुकत होती. मशीन त्याला विचारत होतं. गेले कित्येक महिने या घरात कोणी त्याला काही विचारलेलं नाही, कधी येणार, जेवणार का, काहीच नाही. हे एकटंच अजून विचारतंय.

मग बटण दाबून बंद केलं, कार्ड परत बसवलं, चार्जरची वायर नीट गुंडाळून ठेवली. कोणाला कळलं नाही.

२३ जानेवारी

रोज दुपारी बसतो. कार्ड आत तर यशोधराचं मशीन, बाहेर तर मिलिंदचं. घर तेच, बिऱ्हाडं दोन.

एक गोष्ट मात्र मला आवडत नाही. सकाळी मी दूध घेऊन येतो तेव्हा दोनदा बघितलं, कार्ड खाचेत नाही, टेबलावर पडलेलं, आणि लॅपटॉपला हात लावला तर कोमट. यशोधरा विसरभोळी होत चालली आहे. मी बोललो, अशी वस्तू उघडी टाकू नये, कोणी झाडून टाकेल. ती म्हणाली, राहिलं मामा. डोळे सुजल्यासारखे वाटले. कॉम्प्युटरकडे फार बघितल्याने होतं, मी तिला डोळ्यांत गुलाबपाणी घाल म्हणून सांगितलं.

चांगुणाने लॅपटॉपवर झाकायला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवला, चारी बाजूंनी दोरा घातलेला. रोज संध्याकाळी तो काढून झटकते आणि परत झाकते. धूळ नसते तरी झटकते. रिकामपणाचे उद्योग.

२८ जानेवारी, रविवार

वांगणीहून यशोधराचा भाऊ कैलास आला होता. चिकू घेऊन आला. पोरगा वाईट नाही, पण बोलतो ते सरळ तोंडावर. कार्डाचा प्रकार ऐकून म्हणाला, ताई, हे काय जुगाड? दाजींचं आता त्यात काय काम आहे? पुसून टाक, मशीन पळायला लागेल, माझा मित्र घरी येऊन फुकट करून देईल.

यशोधरा म्हणाली, बघू.

निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, बाबा, राग मानू नका, पण ताई तिकडे आली तर आई सांभाळेल, तिचं वय काय आहे, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, तिची मर्जी. दुसरं काय म्हणणार? त्याचं चुकीचं नाही. तो गेल्यावर माझा चहा बशीत सांडला.

पक्की नोकरी लागली की ती जाणार असं मला वाटतं. लॅपटॉपही नेणार. तिचाच आहे तो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट झालं.

दुपारी यशोधरा झाकण लावून बँकेत गेली. झाकण लावलं म्हणजे मेन बंद, असं मी समजलो. नेहमीसारखं कार्ड उपसलं, खिशात टाकलं, झाकण उघडलं. मिलिंद आला नाही. यशोधराचाच पडदा होता, बिलं उघडलेली, आणि बघता बघता सगळं गोठलं. मग काळ्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. मी कार्ड परत खुपसलं. अक्षरं जास्तच धावली. मी बटण दाबून धरलं, बोट पांढरं होईस्तोवर. विझलं.

कार्ड काढून परत चालू केलं, तेव्हा मिलिंद आला. माझा जीव भांड्यात पडला, पण घाईत कुठलं तरी मोठं बटण दाबलं गेलं. पासवर्ड चुकला असं काहीतरी आलं, मग पट्टीच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली. ती वाचायला मी थांबलो नाही. बंद केलं, कार्ड घातलं, वायर गुंडाळली.

यशोधरा आली, बटण दाबलं, नुसती पांढरी अक्षरं. परत दाबलं, तेच. ती जमिनीवर बसली. शनिवारी तिची परीक्षा आहे. शिकवलेलं सगळं तिने त्यातच लिहून ठेवलं होतं.

मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. चांगुणाने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरत राहिली.

७ फेब्रुवारी

कॅम्प दोन. टेकचंद शेठने कार्ड त्याच्या मशीनला लावून बघितलं आणि डोकं हलवलं. चालू असताना कोणी तरी उपसलंय, म्हणाला. झाकण लावलं की हे झोपतं, मरत नाही. झोपलेल्या माणसाची खाट ओढल्यासारखं झालं. कोणी काढलं?

यशोधरा म्हणाली, मीच काढलं, घाईत.

बिचारीला वाटतंय की तिनेच काढलं. मी आणखीच गप्प झालो.

शेठने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. म्हणाला, भाभी, बस झालं कार्ड. शनिवारी परीक्षा आहे ना? मध्येच परत असं झालं तर काय करशील? आतलं साफ करतो, संध्याकाळी घेऊन जा, पाच वर्षं बघायला नको. हे तो चांगल्या मनाने बोलत होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मी स्टुलावरून उठलो. म्हणालो, पूस. यशोधरा, पुसून टाक सगळं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. शेठला म्हणाली, “दुसरं कार्ड द्या. चांगल्यातलं.”

“इतना क्या रखा है इसमें?”

“काही नाही. राहू दे.”

परत येताना मी सारखा विचार करत होतो की हिने असं का केलं. शेवटी वाटलं, नवीन काही करायचं म्हटलं की बायका घाबरतात, तसं असेल.

१० फेब्रुवारी, शनिवार

परीक्षा. तीन रात्री जागून तिने नवीन कार्डावर सगळं परत लिहून काढलं. मी सकाळी वरच्या मजल्यावरच्या पुतळाबाईंना सांगून आलो की अकरा ते एक मिक्सर लावू नका. त्या म्हणाल्या, मिक्सरने परीक्षा कशी बिघडेल? मी म्हटलं, लाइटवर लोड येतो. खालच्या मीटरपेटीजवळ पण जाऊन उभा राहिलो, कोणी मेन पाडू नये म्हणून. वॉचमनने खुर्ची दिली.

एक वाजून गेल्यावर वर आलो. दार उघडून यशोधरा म्हणाली, झाली मामा. मी विचारलं, कार्ड तापलं का? ती म्हणाली, नाही, थंडच होतं.

१४ फेब्रुवारी

पास झाली. काम पक्कं. चांगुणाने खीर केली. मला आनंद झाला. दोन चमचे खाल्ली, त्यापुढे गेली नाही. आता ती कैलासला कधी फोन करते ते बघायचं.

१६ फेब्रुवारी

यशोधराने एक नवीन सवय लावून घेतली आहे. दुपारी काम थांबवलं की पूर्ण बंद करते, कार्ड स्वतः काढते, स्टीलच्या डबीत ठेवते आणि मोठ्याने म्हणते, “मामा, पूर्ण बंद केलंय. बाजूचा दिवा गेलाय, बघा. कार्ड डबीत आहे.” मग आत जाऊन पडते.

मला कशाला सांगते कोण जाणे. मी काय तिचा सुपरवायझर आहे? पण सोय झाली हे खरं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज मी मुद्दाम ते मोठं बटण दाबलं. त्या दिवशीची ओळ डोक्यातून जात नव्हती. मशीनमध्ये काही बिघाड झाल्याची सूचना असेल आणि मी ती वाचलीच नाही, तर?

पासवर्ड चुकला असं आलं. मग ओळ आली. इंग्रजी अक्षरं, लहान लिपीतली, मला मोठीच चांगली येतात. चष्मा पुसून एकेक अक्षर लावत गेलो. इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलेलं होतं.

यशूला विचार.

ही सूचना मशीनची नाही. पासवर्ड विसरला तर आठवावा म्हणून मिलिंदने स्वतः लिहून ठेवलेली. तो तिला यशू म्हणायचा. आमच्यासमोर नाही, आत.

२२ फेब्रुवारी

म्हणजे तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दुकानात नाही म्हणाली. पासवर्ड सांगितला असता तर कार्डाची गरजच नव्हती, मिलिंदचं मशीन उघडून त्यातच बिलं भरता आली असती. मग कॅम्प दोनच्या दोन खेपा, ते स्लो चालणं, ती जागरणं, सगळं कशासाठी?

त्यात असं काय आहे जे आम्हाला दिसू नये? काय काय मनात येतंय, लिहिण्यासारखं नाही. जेवताना तिच्याकडे बघता येत नाही. बीपी वाढलं असणार.

२४ फेब्रुवारी

ती वाईट पोरगी नाही. पण खोटं बोलली.

मी पण गप्प बसलोच की, दुकानात.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज विचारलं. मिलिंदनेच लिहून ठेवलंय की विचार, मग विचारायला मी कोणाला भ्यायचं, असं मनाशी म्हणून विचारलं. ती मेथी निवडत होती, चांगुणा पलीकडे तांदूळ निवडत होती.

“यशोधरा, मिलिंदचा पासवर्ड तुला माहीत आहे का?”

“माहीत आहे,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, आणि पुढचं सगळं मी त्या हिशेबाने ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग पहिल्याच दिवशी का नाही उघडलंस?

तिने हातातली काडी निवडून टाकली. मग म्हणाली, “उघडलं की तो मागायचा थांबेल ना, मामा. मग मी रोज त्याच्यात बिलं भरणार, आणि मशीन नुसतं मशीन होणार.”

मी खाली पडलेली देठं गोळा केली. ती म्हणाली, “मी सकाळी बसते. तुम्ही दुधाला जाता तेव्हा. कार्ड काढते, दहा मिनिटं बसते, बंद करते. कधी कधी कार्ड परत घालायचं राहतं, तुम्ही ओरडता. तुम्ही दुपारी बसता ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.”

कसं कळलं, मी विचारलं.

“वायर. आठासारखी गुंडाळून वर गाठ मारलेली असते. या घरात असं दुसरं कोण करतं?”

म्हणजे ते कार्ड कोणी उपसलं हेही तिला माहीत होतं. शेठसमोरही माहीत होतं. ते मी विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, चष्म्याचा नंबर वाढला असावा.

वांगणीला कधी जाणार, हे मात्र विचारून टाकलं. मनात ठेवून मला जगता येत नाही. ती म्हणाली, कैलासला मी तेव्हाच नाही सांगितलं, स्टेशनवर सोडायला गेले होते ना, तेव्हा. तुम्हाला कोणी सांगितलं मी जाते म्हणून? मी म्हटलं, कोणी नाही.

एवढ्यात चांगुणाने तांदळाचं सूप खाली ठेवलं.

“ती सकाळी बसते, तुम्ही दुपारी बसता,” ती म्हणाली. “आणि मी काय नुसतं फडकं झटकायचं? मला कोणी विचारलं का, चांगुणा, तुला बघायचाय का? मला ते बटण कुठलं तेच माहीत नाही.”

यशोधरा मेथी तशीच टाकून उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. गॅस बंद आहे का ते बघायला परत आत आलो, तेव्हाही तशाच बसलेल्या.

२६ फेब्रुवारी, सोमवार

चांगुणाला संध्याकाळची वेळ दिली आहे, दिवे लागल्यावर. यशोधराचं काम तोपर्यंत संपतं.

आज शिकवलं. आधी पूर्ण बंद, नुसतं झाकण लावून चालणार नाही. बाजूचा दिवा गेला ना, ते डोळ्यांनी बघायचं. मग कार्ड दाबायचं, ओढायचं नाही, दाबलं की आपोआप बाहेर येतं. डबीत ठेवायचं, पदराला बांधायचं नाही. मग हे बटण, एकदाच. मोठ्या बटणाला हात लावायचा नाही. ती सगळ्याला हो म्हणत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मिलिंद आला. चांगुणाने दोन्ही हात पदराला पुसले, एक बोट पडद्याजवळ नेलं, आणि लावलं नाही. म्हणाली, हेल्मेट किती मळलंय.

मग मला म्हणाली, तुम्ही जा आता. माझी वेळ आहे.

मी बाहेर येऊन बसलोय. कार्ड माझ्या खिशात आहे. डबीत ठेवायचं ती विसरली.